लहान मुलाचा डोळा लाल होऊन सुजला आहे: घरी थांबावे की लगेच दाखवावे?

मलप्रभाकाठ:

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला राहतो. माझ्या चार वर्षांच्या मुलाचा डावा डोळा काल सकाळपासून लाल झाला असून वरची पापणी इतकी सुजली आहे की डोळा अर्धाच उघडतो. त्याआधी बरेच दिवस त्याला सर्दी होती आणि नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत होता. काल ताप नव्हता, आज दुपारपासून मात्र अंगात कणकण वाटते. डोळ्यातून पाणी येते, पण चिपडे फारशी नाहीत. सासूबाईंच्या मते त्याचे डोळे आले आहेत, ते आपोआप जातील आणि तोवर हळदीच्या पाण्यात भिजवलेले फडके डोळ्यावर ठेवावे. औषधाच्या दुकानातून थेंबांची एक बाटली आणली आहे, ती अजून उघडलेली नाही. पावसाची झड लागली आहे आणि बेळगावला जायचे म्हणजे अख्खा दिवस मोडतो. हे घरी थांबून पाहण्यासारखे आहे का, आणि बाटलीतले थेंब घालावेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घटप्रभा:

ताई, मी बालरोगतज्ज्ञ असून हुक्केरी तालुक्यात काम करते. बाटली तूर्त बंदच ठेवा, हळदीचे फडकेही नको, आणि मुलाला खिडकीजवळच्या उजेडात मांडीवर बसवून मी सांगते तेवढे पाहून लगेच कळवा.

आधी थर्मामीटरने ताप मोजा. मग हात धुऊन सुजलेली पापणी अलगद वर उचला आणि उजवा डोळा तळहाताने झाकून त्याला आवडते खेळणे दाखवा. ते त्याला नेहमीसारखे दिसते का, हे त्याच्या वागण्यावरून समजेल. त्यानंतर डोके स्थिर धरून तेच खेळणे डावीकडे, उजवीकडे, वर आणि खाली न्या. दोन्ही बुबुळे बरोबरीने फिरतात का आणि एखाद्या दिशेला बघताना तो दुखते म्हणून रडतो का, यावर बारीक लक्ष ठेवा. शेवटी त्याच्या पाठीमागे उभे राहून कपाळावरून खाली पाहा: डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आल्यासारखा दिसतो का?

हे विचारण्याचे कारण असे की सुजलेली पापणी हे एकच लक्षण दोन अगदी वेगळ्या आजारांत दिसते. एकात जंतुसंसर्ग पापणीच्या कातडीपुरता असतो. दुसऱ्यात तो पापणीमागच्या पडद्याच्या पलीकडे, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत शिरलेला असतो. नाकाच्या बाजूच्या सायनसच्या पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड कागदासारखे पातळ असते, आणि बरेच दिवस अंगावर काढलेल्या सर्दीनंतर तेथूनच जंतू आत जातात. खोबणीतला संसर्ग वाढला तर नजर जाऊ शकते आणि क्वचित तो मेंदूपर्यंतही पोहोचतो. म्हणून नुसता लाल डोळा आणि ताप असलेला सुजलेला डोळा यांना मी एका मापाने मोजत नाही.

मलप्रभाकाठ:

ताप १०१ आहे. खेळणे त्याला दिसते, हाताने पकडतो. वर-खाली बघतो, पण डावीकडे बघायला सांगितले की रडतो आणि डोळा झाकून घेतो. डोळा पुढे आला आहे का हे मला नक्की सांगता येत नाही.

घटप्रभा:

ताई, आता निघा. उद्या सकाळची वाट पाहू नका. डोळा हलवताना दुखणे आणि सोबत ताप, एवढ्यावर आजच मोठ्या रुग्णालयात दाखवणे आवश्यक आहे. बालरोग आणि नेत्र असे दोन्ही विभाग एकाच आवारात असतील अशाच ठिकाणी न्या. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, किंवा नेहरूनगरच्या केएलईमध्ये ही सोय आहे. वाहन मिळत नसेल तर १०८ ला फोन करा. तापासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देण्यास हरकत नाही. घरात उरलेले कोणतेही अँटिबायोटिक देऊ नका. लसीकरणाचे कार्ड, आयुष्मान कार्ड, शिधापत्रिका आणि ती न उघडलेली बाटली सोबत ठेवा. पोचल्यावर पहिल्या वाक्यातच सांगा की सर्दीनंतर पापणी सुजली आहे, ताप आहे आणि डोळा हलवताना दुखते. नुसते ‘डोळे आले आहेत’ असे सांगितले तर आपल्याला बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसवले जाण्याची शक्यता असते.

निपाणीकर:

घटप्रभाताईंचा सल्ला योग्यच आहे. तरीही वाचणाऱ्या इतर पालकांनी प्रत्येक लाल डोळ्याला घाबरून जाऊ नये, म्हणून थोडे लिहितो. मी प्राथमिक शिक्षक आहे आणि शाळेत दर पावसाळ्यात डोळे आलेली मुले पाहतो. २०२३ च्या पावसाळ्यात कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत जी मोठी साथ आली, तेव्हा वर्गच्या वर्ग रिकामे झाले होते. त्यातील बहुतेक मुलांचे डोळे आधी एक आणि मग दुसरा असे लाल झाले. पाणी, खुपणे, सकाळी पापण्या चिकटणे एवढाच त्रास झाला आणि आठवडा-दोन आठवड्यांत मुले बरी झाली.

या साथीचा विषाणू हातांतून, टॉवेलमधून, उशीच्या अभ्ऱ्यातून आणि एकाच पेनातून पसरतो. आजारी मुलाच्या डोळ्यांत पाहिल्याने डोळे येतात ही समजूत आमच्या भागात इतकी घट्ट आहे की काळा चष्मा घातला म्हणजे मूल वर्गात बसवायला हरकत नाही असे पालकांना वाटते. चष्म्याने उजेडाचा त्रास कमी होतो, संसर्ग थांबत नाही. हात साबणाने धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे आणि पाणी येणे थांबेपर्यंत मुलाला घरी ठेवणे, एवढे प्रत्येक घराने केले तर साथ वर्गाबाहेर जाणार नाही. उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूला पुसावे, आणि प्रत्येक वेळी नवा कापूस घ्यावा.

निपाणीत तंबाखूच्या हंगामात दुसराही प्रकार दिसतो. वखारीतून किंवा मळणीवरून आलेल्या माणसाच्या कपड्यांवर आणि हातांवर जी धूळ असते, ती मुलाला जवळ घेताना त्याच्या डोळ्यांत जाते आणि दोन्ही डोळे एकदम लाल होतात. त्याला थेंब लागत नाहीत. स्वच्छ पाण्याने डोळे धुतले आणि घरी आल्यावर कपडे बदलण्याची सवय लावली की प्रश्न सुटतो.

घटप्रभा:

गुरुजींच्या लिहिण्यात एक भर घालते. लहान मुलांत जिवाणूंमुळे डोळे येण्याचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त असते. तेव्हा चिपडे घट्ट, पिवळी-हिरवी असतात आणि पुसली तरी थोड्या वेळात पुन्हा जमतात. अशा मुलाचा कान दुखत असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण तेच जंतू कानातही असू शकतात आणि मग नुसत्या थेंबांवर भागत नाही.

मलप्रभाकाठ:

बेळगावला दाखल केले आहे. स्कॅन झाला. संसर्ग सायनसमधून खोबणीत शिरू लागला होता, पण पू साठलेला नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. शिरेतून अँटिबायोटिक सुरू आहे, नेत्रतज्ज्ञ रोज येऊन नजर आणि बुबुळाची हालचाल तपासतात. ताप उतरला आहे, पापणी पूर्वीपेक्षा उघडते. घटप्रभाताई, आपले आभार मानायला शब्द अपुरे आहेत. घरी गेल्यावर उरलेले औषध तोंडाने द्यायचे आहे, ते पूर्ण करीन.

मार्कंडेय:

बाळ सुधारते आहे हे वाचून बरे वाटले. मी नेत्रविभागात काम करतो, आणि या धाग्यातील त्या न उघडलेल्या बाटलीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे कायमचे नुकसान मी बहुतेक वेळा अशाच बाटल्यांमुळे झालेले पाहतो.

दुकानात ‘लाल डोळ्यासाठी काहीतरी द्या’ असे म्हटल्यावर हातात पडणाऱ्या अनेक थेंबांत अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी एखादे नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे, हे सर्वांनी पाठ करून ठेवावे. स्टेरॉइडने लाली पटकन ओसरते, मूल शांत होते, आणि घरातल्यांना औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात लाली हे शरीराच्या प्रतिकाराचे लक्षण असते. प्रतिकार दाबला गेला की आतला जंतू मोकाट सुटतो. बुबुळावर नागीण गटातल्या विषाणूची जखम असेल, किंवा शेतातल्या पाल्याने खरचटून बुरशी शिरलेली असेल, तर अशा थेंबांनी जखम खोल जाते आणि बरी झाली तरी मागे पांढरे फूल राहते. ते बुबुळाच्या मध्यावर पडले तर त्या डोळ्याची नजर कायमची अधू होते. लहान वयात तर फुलामुळे मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि पुढे फूल काढले तरी नजर पूर्ण परत येईल याची खात्री राहत नाही.

दुसरा धोका संथ असतो, म्हणून अधिक फसवा असतो. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, त्यातही मुलग्यांना जास्त, उन्हाळा लागला की डोळ्यांना भयंकर खाज सुटते, डोळे मळकट लाल दिसतात आणि तार येणारी चिकट चिपडे निघतात. ही अॅलर्जी असते आणि ती दरवर्षी परतते. एकदा डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी स्टेरॉइड लिहून दिले की पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच जुन्या चिठ्ठीवर ते आणले जाते आणि महिनोन्‌महिने घातले जाते. त्याने डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, पुढे मोतीबिंदूही होतो. काचबिंदूत दुखत नाही, मूल काही बोलत नाही, आणि फळ्यावरचे दिसत नाही अशी तक्रार शाळेतून येते तोवर डोळ्यामागच्या नसेचे झालेले नुकसान भरून निघत नाही. खाजेसाठी थंड पाण्याच्या पट्ट्या आणि अॅलर्जीचे साधे थेंब पुष्कळदा पुरतात. स्टेरॉइड लागलेच तर डोळ्याचा दाब मोजत, डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावे.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. डॉक्टरांनी या मुलासाठी, या आजारात लिहून दिल्याशिवाय कोणतेही थेंब घालू नका. भावंडांची बाटली वापरू नका. फोडलेली बाटली बहुतेक वेळा महिन्यानंतर टाकून द्यावी लागते, तिच्यात औषध उरलेले असले तरीही.

कृष्णाकाठ:

आम्ही कागवाडकडचे ऊस उत्पादक. मार्कंडेय सरांनी शेतातल्या पाल्याचा उल्लेख केला म्हणून विचारतो. तोडणीच्या दिवसांत मुले फडात येतात आणि उसाचे पाते डोळ्याला लागणे हे नित्याचे आहे. पहिल्या दिवशी नुसते खुपते, पाणी येते. आमच्याकडे बायका डोळ्यात तुपाचे बोट लावतात किंवा जिभेने कण काढतात. हे कितपत धोक्याचे आहे, आणि किती वेळ थांबून पाहता येईल?

मार्कंडेय:

दादा, थांबून पाहू नये. उसाच्या पात्याच्या कडेने बुबुळावर बारीक चर पडतो आणि त्यातून मातीतली, पाल्यावरची बुरशी आत जाते. बुरशीची जखम सुरुवातीला फार दुखत नाही, ती काही दिवसांनी डोके वर काढते, आणि मग उपचार आठवडेच्या आठवडे चालतात. लागल्या दिवशीच नेत्रतज्ज्ञांनी रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिले तर चर स्पष्ट दिसतो आणि साध्या औषधाने काम भागते. आपल्या बाजूच्या लोकांना मिरज जवळ पडते. तेथे जा, पण त्याच दिवशी जा. तूप, एरंडेल, मध, जीभ, पदराचे टोक यांपैकी काहीही डोळ्याला लावू नये. डोळा चोळू देऊ नये आणि घट्ट पट्टीही बांधू नये. बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, उजेड सहन होईना किंवा मूल डोळा उघडेनासे झाले, तर तो दिवस फडाचे काम बाजूला ठेवण्याचा आहे.

फडात आलेल्या मुलांना साधा, बाजूने झाकणारा प्लास्टिकचा चष्मा घालावा. तोडणी कामगारांच्या मुलांसाठी तो मालकाने आणून दिला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निपाणीची लेक:

माझ्या माहेरी घरोघर तंबाखू आणि चुना असतो. आमच्या शेजारच्या एका मुलीने चुन्याची नळी दाबली आणि चुना थेट डोळ्यात उडाला. घरातल्यांनी तिला तशीच उचलून दवाखान्यात नेली. तेथे पोचेपर्यंत बराच वेळ गेला. अशा वेळी आधी काय करावे?

मार्कंडेय:

ताई, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला माहीत असले पाहिजे. चुना डोळ्यात गेला तर आधी धुणे आणि मग दवाखाना, हा क्रम कधीही उलटा करू नये. चुना अल्कधर्मी असतो आणि तो पृष्ठभागावर थांबत नाही, बुबुळ जाळत आत उतरत राहतो. मुलाला आडवे करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, तांब्याने किंवा नळाच्या हलक्या धारेने किमान अर्धा तास पाणी सोडत राहा. मूल ओरडेल, तरी थांबू नका. वरच्या पापणीखाली चुन्याचा खडा अडकून राहतो आणि धुतल्यानंतरही जाळत राहतो, म्हणून पापणी उलटवून ओल्या कापसाने दिसेल तेवढा कण काढावा. पाणी पिण्याचेच हवे असा आग्रह धरू नये. जे स्वच्छ पाणी हाताशी असेल ते लगेच वापरावे. लिंबाचा रस, ताक, दूध किंवा तूप घालू नये. आंबटाने चुना मारला जातो हा विचार डोळ्याच्या बाबतीत घातक आहे. नंतर वाटेतही पाणी सोडत रुग्णालयात न्यावे. आणि चुन्याची डबी किंवा नळी मुलांच्या हाताला लागेल अशा कोनाड्यात, पानाच्या तबकात ठेवू नये.

हिरण्यकेशी:

माझ्या दोन शंका आहेत. नणंदेच्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याला सारखी चिपडे येतात आणि आजी अंगावरचे दूध घालायला सांगतात. दुसरे म्हणजे, थोरल्या पुतणीचे दोन्ही डोळे सकाळी उठल्यावर सुजलेले असतात आणि दुपारपर्यंत उतरतात. डोळे लाल मात्र नसतात.

घटप्रभा:

ताई, पहिल्या महिन्याच्या बाळाचा डोळा लाल असेल, पापणी सुजली असेल किंवा पू येत असेल तर ते तातडीचे आहे. जन्माच्या वेळी आईकडून आलेले काही जंतू बाळाचे बुबुळ फार लवकर बिघडवतात. लाली आणि सूज मुळीच नसून फक्त पाणी आणि थोडी चिपडे असतील, तर बहुधा अश्रूंची नळी अजून उघडलेली नसते. तरी आधी डॉक्टरांना दाखवा. ते डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाकडे खाली हलका मसाज करायला शिकवतील, आणि बहुसंख्य बाळांची नळी वर्षाच्या आत मोकळी होते. दूध बाळाच्या पोटात जाऊ द्यावे, डोळ्यात नाही. त्यातली साखर जंतूंना पोसते. काजळही घालू नये, त्यात शिसे असू शकते.

पुतणीच्या बाबतीत मला डोळ्यांपेक्षा मूत्रपिंडाची काळजी वाटते. सकाळी दोन्ही पापण्या सुजणे, लाली आणि दुखणे नसणे, लघवी कमी किंवा फेसाळ होणे, संध्याकाळी पायांवर सूज दिसणे, ही लघवीतून प्रथिने जाण्याची लक्षणे असतात. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवीची साधी तपासणी करून घ्या. त्याआधी अॅलर्जीच्या गोळ्या देत बसू नका.

निपाणीकर:

मार्कंडेय सर, एक व्यवहारातली अडचण विचारतो, कारण पालक ती मला नेहमी सांगतात. डॉक्टरांनी थेंब लिहून दिले तरी लहान मूल डोळे गच्च मिटून घेते, दोघांनी हातपाय धरावे लागतात आणि अर्धे औषध गालावर जाते. त्यामुळे पालक दुसऱ्या दिवसापासून थेंब सोडून देतात.

मार्कंडेय:

गुरुजी, धरपकड करू नये, त्याने पुढच्या वेळी मूल अधिकच बिथरते. मुलाला उशीशिवाय उताणे झोपवा आणि डोळे मिटूनच ठेवायला सांगा. नाकाजवळच्या कोपऱ्यात एक थेंब टाका आणि डोके स्थिर ठेवून त्याला डोळे उघडायला सांगा. पापण्या उघडताच औषध आपोआप आत जाते. तान्ह्या बाळाला झोपेत असताना घालता येते. एक थेंब पुरतो, दोन घातले तर दुसरा बाहेरच वाहून जातो. बाटलीचे टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका. दोन वेगवेगळी औषधे असतील तर त्यांच्यात पाच मिनिटांचे अंतर ठेवा, आणि मलम दिलेले असेल तर ते सर्वांत शेवटी लावा.